ग्रीक गद्य: रूपं ओळखता येतात, वाक्य वाचता येत नाही

उंबरठा

नमस्कार मंडळी. प्राचीन ग्रीक शिकणारे इथे कितीजण आहेत ठाऊक नाही, पण पाली आणि अवेस्तावरचे धागे रंगलेले पाहिलेत, म्हणून विचारायचं धाडस करतोय.

प्राथमिक पाठ्यपुस्तक घरच्या घरी संपवलं. 'लूओ' धातू सगळ्या काळांत तोंडपाठ आहे, 'मि'ने संपणारी क्रियापदंही बऱ्यापैकी जमतात. सुटं रूप समोर टाकलंत तर हा अओरिस्ट (घडून गेलेल्या क्रियेचा भूतकाळ), हा ऑप्टेटिव्ह (इच्छा-शक्यतेचं रूप), हा मिडल व्हॉइस (कर्ता स्वतःसाठी करतो ते रूप) एवढं सांगू शकेन. मग सगळे सांगतात तसं ग्रीक लेखक झेनोफोनचं 'आनाबासिस' उघडलं. इराणी राजपुत्र धाकटा सायरस इ.स.पू. ४०१ मध्ये सख्ख्या भावावर चालून जातो, कुनाक्साच्या लढाईत मारला जातो, आणि त्याने भाड्याने आणलेले दहा हजार ग्रीक सैनिक परमुलखात अडकतात. गोष्ट फर्मास आहे. माझं घोडं मात्र अर्ध्या पानावर अडतं. शब्द न् शब्द सुटा कळतो, वाक्य काय म्हणतंय ते कळत नाही. शेजारी इंग्रजी भाषांतर ठेवलं की नजर आपोआप तिकडेच जाते.

लेखी भाषांतर करत जावं, की कळेल तेवढं कळेल म्हणून वाचत सुटावं? आणि झेनोफोननंतर कोण?

पातळभाजी

ते दहा हजार घरी पोचले का? (ग्रीक येत नाही, गोष्टीपुरता आलोय.)

उंबरठा

@पातळभाजी, चौथ्या भागात डोंगरमाथ्यावरून काळा समुद्र दिसतो आणि सगळे 'थालात्ता, थालात्ता' म्हणून ओरडतात. समुद्र, समुद्र! तिथून पुढेही पुष्कळ भानगडी आहेत.

नेकारकाठ

लेखी भाषांतराच्या बाजूने माझं मत. जर्मनीत राहते. इथे काही अभ्यासक्रमांना ग्रेकुम नावाची परीक्षा द्यावी लागते. प्लेटोच्या पातळीचा, आधी न पाहिलेला उतारा, हाताशी शब्दकोश आणि घड्याळ. त्या तयारीत एक गोष्ट पक्की कळली: नुसतं वाचताना आपण स्वतःला फार सवलत देतो. 'कळलं साधारण' म्हणून पुढे जातो. कागदावर उतरवायला लागलं की हा पार्टिसिपल (धातुसाधित) कर्त्याचा की कर्माचा, हा 'आन' (शक्यता सुचवणारं अव्यय) इथे काय करतोय, हे टाळता येत नाही.

एक जुनी पद्धत सांगते. राणी पहिल्या एलिझाबेथचा शिक्षक रॉजर अ‍ॅस्कम दुहेरी भाषांतर करवून घ्यायचा. मूळ उतारा आपल्या भाषेत आणायचा, मूळ झाकून ठेवायचं, थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि मग आपल्याच भाषांतरावरून तो परत मूळ भाषेत लिहायचा. शेवटी दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहायचं. एलिझाबेथने हे इसोक्रातीस आणि देमोस्थेनीसच्या भाषणांवर केलं होतं. चार ओळींचा उतारा घ्या, पुरे. पुस्तकी नियम म्हणून घोकलेला आर्टिकलचा वापर त्याने अंगवळणी पडतो.

खडीसाखर

नेकारकाठताई, आदर राखून असहमती. परीक्षेसाठी ठीक, पण भाषांतर करणं आणि वाचणं ही दोन वेगळी कामं आहेत. सतत भाषांतर करणाऱ्याला ग्रीक वाक्य संपेपर्यंत दम धरवत नाही. तो पहिल्या शब्दापासून दुसऱ्या भाषेत पळत असतो. मी म्हणेन भरपूर वाचा आणि सोपं वाचा. पानाखालीच शब्दार्थ दिलेल्या विद्यार्थी-आवृत्त्या मिळतात, काही मोफत पीडीएफही आहेत. कालचं पान आज परत वाचून मगच नवं पान. तेही मोठ्याने.

लोब मालिकेतल्या हिरव्या पुस्तकांबद्दल (डावीकडे मूळ, उजवीकडे इंग्रजी; ग्रीक हिरवी, लॅटिन लाल) एवढंच सांगते: डावं पान वाचून होईस्तोवर उजव्या पानावर कोरा कागद ठेवा. नाहीतर ते गाईड उघडं ठेवून गणितं सोडवण्यासारखं होतं.

शतृशानच्

धागा पाहून आनंद झाला. संस्कृत शिकवण्यात आयुष्य गेलं, ग्रीक निवृत्तीनंतर. उंबरठा, तुमचं संस्कृत झालं आहे का? असेल तर निम्मी लढाई जिंकलेली आहे. भूतकाळाच्या आधी लागणारा 'ए' म्हणजे आपला अडागम: एलुओन, अभवत्. मिडल म्हणजे आत्मनेपद. ऑप्टेटिव्ह म्हणजे विधिलिङ्. द्विवचन आहे. जेनिटिव्ह अ‍ॅब्सोल्यूट म्हणजे सति सप्तमीच ('सूर्य मावळला असता' अशी रचना), फक्त षष्ठीत. 'दिदोमि' म्हणजे ददामि, 'तिथेमि' म्हणजे दधामि. ध-ध चं द-ध झालं तसंच थ-थ चं त-थ. हा नियम हर्मान ग्रासमान याने १८६३ मध्ये मांडला. मूळचा गणिती माणूस, पुढे ऋग्वेदाचं जर्मन भाषांतरही केलं.

शिवाय उच्चार! फी, थीटा, खी ही अक्षरं अभिजात काळात आपल्या फ, थ, ख सारखी महाप्राण उच्चारली जात. इंग्रजी विद्यार्थ्याला यासाठी कसरत करावी लागते, आपल्याला ती जन्मतः येतात.

तिरफळ

शतृकाका, +१. आणि थेओस म्हणजे देव!

नीरक्षीर

@तिरफळ, तिथेच घात आहे. थेओस आणि देव यांचा काही संबंध नाही. 'देव'चं नातं झ्यूसशी. द्यौः, दिव् त्या घरातलं. थेओस वेगळ्याच मुळातून आलाय.

शतृकाकांच्या यादीतलं सगळं बरोबर आहे, पण उंबरठा यांची अडचण रूपं ओळखण्याची नाहीच. ती त्यांना येतात. आणि नेमकं वाक्य वाचताना संस्कृतची सवय एका ठिकाणी आडवी येते. अभिजात संस्कृतात लङ्, लुङ्, लिट् तिन्ही भूतकाळ बरेचदा एकमेकांच्या जागी चालून जातात. अगच्छत्, अगमत्, जगाम, 'गेला'च. ग्रीकमध्ये ते चालत नाही. इम्परफेक्ट आणि अओरिस्ट यांतला फरक हा तिथे अर्थाचा फरक असतो.

झेनोफोनच्याच 'किरोपेदिया'त (५.५.२२) एक वाक्य आहे:

'एपेइथोन आउतूस, काइ हूस एपेइसा, तूतूस एखोन एपोरेउओमेन.'

एपेइथोन आणि एपेइसा, धातू एकच, 'पटवणे'. पहिला इम्परफेक्ट, दुसरा अओरिस्ट. मराठीत: 'मी त्यांची मनधरणी करत होतो, आणि ज्यांना पटलं त्यांना घेऊन निघालो.' पहिल्या रूपात प्रयत्न चाललाय, दुसऱ्यात तो फळला. इंग्रजी व्याकरणं इथे 'प्रयत्न केला', 'यशस्वी झालो' अशी जादा क्रियापदं आणून समजावतात. आपण 'करत होतो' आणि 'पटलं' एवढ्यावर भागवतो.

त्या वाक्यात अजून काय काय आहे पाहा. 'हूस... तूतूस' म्हणजे 'ज्यांना... त्यांना', त्याच क्रमाने. 'एखोन' हा 'असणे, धरणे'चा पार्टिसिपल; इंग्रजीत तो 'सोबत' अर्थाचं शब्दयोगी अव्यय होऊन बसतो, मराठीत सरळ 'घेऊन'. म्हणून माझं म्हणणं असं: भाषांतर जरूर करा, पण इंग्रजीत करू नका. मराठीत करा, तेही बोलीच्या मराठीत. आपण सगळे ग्रीक शिकतो इंग्रजी पुस्तकांतून, आणि त्या पुस्तकांचा निम्मा जीव इंग्रजीला काय जमत नाही हे समजावण्यात खर्च झालेला असतो. 'आधी क्रियापद शोधा, मग कर्ता शोधा' ही शिकवण त्यातलीच. ग्रीक वाक्य शोधाशोध करण्यासाठी लिहिलेलं नाही. डावीकडून उजवीकडे ऐकण्यासाठी लिहिलंय.

आनाबासिसची सुरुवात घ्या. राजा, म्हणजे सायरसचा बाप, आजारी आहे, शेवट जवळ आलाय अशी शंका येतेय, दोन्ही मुलगे जवळ असावेत अशी त्याची इच्छा आहे. (शतृकाका, 'दोन्ही मुलगे' इथे अस्सल द्विवचन आहे, 'तो पाइदे आम्फोतेरो', आणि आदल्याच वाक्यात 'पाइदेस दुओ' असं बहुवचन. दोन्ही चालायचं.) पुढे:

'हो मेन ऊन प्रेस्बुतेरोस पारोन एतुंखाने; कूरोन दे मेतापेम्पेताइ.'

'थोरला तर नेमका तिथेच होता. कूरोसला मात्र बोलावून घेतो.' (कूरोस म्हणजेच सायरस.)

'मेन' ला 'तर', 'दे' ला 'मात्र'. इंग्रजीत या जोडीला 'एकीकडे... दुसरीकडे' असं ओझं उचलायला लावतात. 'पारोन एतुंखाने', म्हणजे तुंखानो अधिक पार्टिसिपल, यावर व्याकरणात अख्खा परिच्छेद असतो. आपल्याकडे 'नेमका' हा एक शब्द. आणि 'मेतापेम्पेताइ'. पेम्पो म्हणजे पाठवणे. मिडलमध्ये: स्वतःसाठी निरोप पाठवून माणूस आणवणे, म्हणजे 'बोलावून घेणे'. मिडल दिसला की आधी '-ऊन घेणे' लावून पाहायचं. सगळीकडे लागणार नाही, 'बूलोमाइ' (इच्छा असणे) सारखी क्रियापदं जन्मतःच मिडलमध्ये असतात, पण जिथे लागतं तिथे चपखल लागतं.

नेहमीच्या देवनागरीत ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवता येत नाहीत, तेव्हा वरच्या ओळी मुळाशी ताडून वाचा.

खडीसाखर

नीर, हे मान्य. 'ताउता एइपोन आपेल्थे' ला 'असं बोलून तो निघाला' इतकं सरळ असताना इंग्रजीत 'बोलून-झालेला-असा तो' वगैरे कशाला करायचं! अओरिस्ट पार्टिसिपल पाहिला की '-ऊन', हे मीही करते. पण लिहीत नाही, मनात म्हणते.

नीरक्षीर

मग तुझं नि नेकारकाठ यांचं भांडण कुठे उरलं? वाचन तुझ्या पद्धतीने, आठवड्यातून एखादा उतारा त्यांच्या पद्धतीने. लेखी भाषांतर ही तपासणी आहे. रोज तपासणी करत बसलं तर वाचायचं कधी?

नेकारकाठ

आठवड्यातून एकदा कमी आहे, पण तूर्त तह.

पातळभाजी

पॉपकॉर्न आणून ठेवले होते. वाया गेले.

तिरफळ

झेनोफोननंतर हेरोडोटस का नाही? भारताबद्दल किती गमती आहेत त्याच्यात. तिसऱ्या भागात सोनं उकरणाऱ्या मुंग्या आहेत, 'कुत्र्यांहून लहान, कोल्ह्यांहून मोठ्या'. आणि झाडाला लागणारी लोकर, मेंढीच्या लोकरीहून सरस, जिचे कपडे हिंदी लोक घालतात. म्हणजे कापूस!

नीरक्षीर

वाचाच, पण तो आयोनिक बोलीत लिहितो. स्वरांची संधी न झालेली रूपं आणि आल्फाच्या जागी ईटा. अ‍ॅटिक (अथेन्सची बोली) पक्कं व्हायच्या आत गेलात तर गोंधळ होईल. एकदा सरावलात की तो सगळ्यांत गोड. त्याची ऐकीव माहिती देण्याची तऱ्हा, कर्ता द्वितीयेत आणि क्रियापद इन्फिनिटिव्हमध्ये, पानंच्या पानं चालते. विद्यार्थी तिथे गुदमरतात. प्रत्येक वाक्यात 'म्हणे' घाला, मोकळे व्हाल.

याचंच छोटं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या प्रसंगात आहे. इ.स.पू. ३२६, झेलमकाठची लढाई संपली आहे, पोरस समोर उभा. एरियन (हा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, लिहितो झेनोफोनच्या वळणावर) सांगतो:

'पोरोन दे आपोक्रिनास्थाइ लोगोस होति बासिलिकोस मोइ ख्रेसाइ, ओ आलेक्सान्द्रे.'

'पोरसाने म्हणे उत्तर दिलं की राजासारखं वाग माझ्याशी, अलेक्झांडर.' 'लोगोस' म्हणजे 'म्हणे', आणि 'होति' म्हणजे 'की'. त्या 'की'नंतर पोरसाचे शब्द जसेच्या तसे येतात, 'त्याच्याशी' असं न होता 'माझ्याशी'च राहतं. मराठीत आपण रोज असंच बोलतो. इंग्रजी व्याकरणांना याला वेगळं नाव द्यावं लागलं.

शतृशानच्

नीरक्षीर, आपला मुद्दा पटला, मात्र एक जोड देतो. सति सप्तमी सोडू नका. १९५८ मध्ये कंदाहारला अशोकाचा द्वैभाषिक शिलालेख सापडला, वर ग्रीक, खाली अरमाईक. त्याची सुरुवातच षष्ठीतल्या त्या रचनेने होते: 'देका एतोन प्लेरेथेन्तोन', 'दहा वर्षं पूर्ण झाली असता', पुढे 'राजा पिओदास्सेसने लोकांना एउसेबेइआ दाखवून दिली'. पिओदास्सेस म्हणजे पियदसी, आणि एउसेबेइआ म्हणजे आपला धम्म. गद्य छोटं, वाक्यं सुटसुटीत. आमच्यासारख्यांनी तिथून ग्रीकमध्ये शिरावं.

दर्यावर्दी

उशिरा आलो. शिलालेख निघालाच आहे तर 'पेरिप्लस' कसा विसरलात? पहिल्या शतकातल्या, इजिप्तकडून येणाऱ्या कुणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेली बंदरांची माहिती. बारिगाझा म्हणजे भरूच. तिथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैथाना, म्हणजे पैठण. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तागारा, म्हणजे धाराशिवजवळचं तेर. पैठणहून गोमेदासारखे दगड, तेरहून कापड, सगळं गाड्यांतून खडतर वाटेने भरूचला. पुढे सुप्पारा, काल्लिएना: सोपारा आणि कल्याण. देशाला तो दाखिनाबादेस म्हणतो आणि लगेच खुलासा करतो की यांच्या भाषेत दक्षिण दिशेला 'दाखानोस' म्हणतात. दक्खिण! दोन हजार वर्षांपूर्वी कुणी ग्रीक माणूस बंदरावर उभा राहून आपल्या लोकांना दिशा विचारतोय. मला तर तेवढ्यासाठी ग्रीक शिकावंसं वाटलं.

खडीसाखर

वाखुसा (वाचनखूण साठवली)!

नीरक्षीर

दर्यावर्दी, मजा आली, पण उंबरठा यांना आत्ताच तिकडे नेऊ नका. पेरिप्लस कोइनेतला (नंतरच्या काळातल्या सर्वसाधारण ग्रीकमधला), आणि तोही व्यापारी टिपणांचा. वाक्यं 'इथून हे निर्यात होतं, तिथे ते खपतं' अशी, अर्धा शब्दसाठा मालाच्या नावांचा. पाठही ठिकठिकाणी बिघडलेला. मुख्य आधार हायडेलबर्गमधलं दहाव्या शतकातलं एकच हस्तलिखित. कळलं नाही तर दोष आपला की नकलाकाराचा, हे नवख्याला ठरवता येत नाही.

झेनोफोननंतर लिसियास. त्यातही पहिलं भाषण, एरातोस्थेनीसच्या खुनाबद्दलचं. साधं, स्वच्छ अ‍ॅटिक. लिसियास दुसऱ्यांना कोर्टातली भाषणं लिहून द्यायचा, आणि अशिलाच्या तोंडी शोभेल असंच लिहायचा. इथे अशील एक साधासुधा गृहस्थ, एउफिलेतोस. बायकोच्या याराला घरात पकडून ठार मारलंय आणि आता ज्युरीपुढे उभा आहे. हकिकत सांगताना तो काय म्हणतो? 'ओइकिदिओन एस्ति मोइ दिप्लून', 'मला एक छोटंसं दुमजली घर आहे'. खुनाच्या खटल्यात माणूस घराचा नकाशा सांगतोय, आणि त्या नकाशातच पुढचं सगळं आहे: बाळ झाल्यावर बायको खाली राहायला लागली, नवरा वर गेला.

इतिहासकार थुसिडिडीजच्या ग्रंथातली भाषणं इतक्यात उघडू नका. हालिकार्नासोसचा दिओनिसिओस, स्वतः ग्रीक, तोसुद्धा लिहून गेलाय की थुसिडिडीज सगळा समजणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. लिसियास उघडला आणि खरंच पुढे सरकतोय. चौदावा परिच्छेद मराठीत केलाय, तपासा. आदल्या रात्री बायको 'बाळाला बघते' म्हणून खाली गेली, जाताना हसत हसत याच्या खोलीला बाहेरून कुलूप घातलं. रात्री दारं वाजली. सकाळी विचारल्यावर सांगते, दिवा विझला होता, शेजारून पेटवून आणला. मग:

'आणि मंडळी, मला असं वाटलं की तिने चेहऱ्याला सफेदा लावलाय, भाऊ जाऊन अजून तीस दिवसही झाले नसताना. तरीसुद्धा त्याबद्दल काहीच न बोलता मी बाहेर पडलो आणि गुपचूप निघून गेलो.'

शतृशानच्

'झाले नसताना' उत्तम. तू आदेल्फू तेथ्नेओतोस, अस्सल षष्ठी. शाबास.

नीरक्षीर

चांगलं झालंय. दोन सूचना. 'लावलाय' च्या जागी 'लावलेला आहे' करा. मूळात परफेक्ट आहे, त्याने लावताना पाहिलेलं नाही, लावलेला दिसतोय. आणि शेवटचं 'एक्सेल्थोन ओइखोमेन' दोन वाक्यांत तोडू नका, 'आणि' मूळात नाही. 'बाहेर पडून गुपचूप चालता झालो.' ओइखोमाइ या क्रियापदात जाण्यापेक्षा निघून गेलेला असण्यावर जोर असतो, 'चालता झालो'त तो येतो.

नेकारकाठ

आता मूळ झाका आणि हे परत ग्रीकमध्ये लिहून दाखवा. 'तीस दिवस' कोणत्या विभक्तीत टाकता ते पाहायचंय.

पातळभाजी

अहो पण निकाल काय लागला? सुटला का तो?

नीरक्षीर

निकालाची नोंद उरलेली नाही. फक्त बचावाचं भाषण राहिलं. मृताच्या नातेवाइकांचं म्हणणं होतं की याने सापळा लावून त्याला घरात ओढला. ती बाजू आपल्याला आरोपीच्याच तोंडून ऐकावी लागते.

उंबरठा, पंधराव्या परिच्छेदात एक म्हातारी रस्त्यात गाठते आणि सगळं फोडते. रविवारपर्यंत १५ आणि १६ टाका. आधी एकदा मोठ्याने वाचा, कोश नंतर.